जुनेराची घडी : सुरतेच्या मराठी घरांतील एका अलिखित कापडाचा इतिहास

सुरत आणि कापड यांचे नाते नव्याने सांगावयास नको. मोगल अमदानीत येथील बंदरातून अरबस्तानात व युरोपात जाणारी सुती ठाणे, इंग्रज व डच वखारींच्या हिशेबवह्या, जरीचे कारखाने, १६६४ व १६७० साली शिवाजी महाराजांचे लक्ष या शहराकडे वळविणारी येथील संपत्ती, या सर्वांविषयी विपुल लेखन झालेले आहे. परंतु या कापडनगरीतील प्रत्येक घरात महिन्यातून चार दिवस ज्या कापडाची गरज पडे, त्याचा उल्लेख बखरीत वा दफ्तरात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागावयाचे नाही. ते कापड विकत घेतले जात नव्हते, म्हणून वहीत आले नाही. आणि त्याचे नाव घेतले जात नव्हते, म्हणून आठवणींतही आले नाही.

हा विषय साहित्यविषयक नियतकालिकात कशाला, असे काही ज्येष्ठ वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे इतकेच, की आज नातींच्या पिढीपुढे दुकानात चार-पाच प्रकारची साधने मांडलेली आहेत. त्यांतील आपल्याला काय मानवेल, हे ठरविताना त्यांना जाहिरातीखेरीज दुसरा सल्लागार नाही. ज्या घरांत पापड-लोणच्यांच्या कृती चार पिढ्या तोंडी चालत आल्या, त्या घरांत हे ज्ञान मात्र कधी चालत आले नाही. तेव्हा जे आठवते व जे अभ्यासाने कळले, ते नोंदवून ठेवावे, हा या लेखाचा हेतू.

गायकवाडी कारभारामुळे सोनगढ, व्यारा, नवसारी या टापूत, आणि इंग्रजी नोकऱ्यांमुळे खुद्द सुरतेत स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी देशावरील व कोकणातील चालीरीती बरोबर आणल्या. नऊवारी सुती लुगडे काही वर्षे नेसून विरले, की त्याचे जुनेर होई. जुनेराचे पहिले मानकरी म्हणजे घरातील तान्हे मूल. त्याची दुपटी आणि लंगोट निघाले, की उरलेला काही भाग गोधडीत जाई, आणि सर्वांत मऊ भाग हातभर लांबीचा फाडून, घड्या घालून, फडताळाच्या तळाशी एका गाठोड्यात बांधून ठेवला जाई. त्या गाठोड्याला नाव नसे. नव्या सुनेला ते कोठे आहे एवढे दाखविले जाई, बस्स.

त्या अवस्थेला मात्र नावे पुष्कळ होती आणि सारी आडवळणाची. कावळा शिवला, बाहेरची झाली, दूर बसली, अडचण आली. शेजारच्या गुजराती घरात 'अडकाव' म्हणत आणि बाई 'छेटे' बसे. आपल्यातील कित्येक घरांत हा 'छेटे' शब्द मराठीसारखाच रुळला. पारशी घरांतही 'दश्तान'च्या दिवसांत बाईने वेगळ्या खोलीत वा कोपऱ्यात राहण्याची रीत होती. म्हणजे भाषा तीन, धर्म दोन, आणि कोपरा मात्र एकच. विटाळाच्या कल्पनेमुळे बाईला चार दिवस विसावा मिळे, असे समर्थन आजही ऐकू येते. विसावा मिळतही असेल. परंतु पाण्याच्या हंड्याला हात लावता येत नसे, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. ज्या दिवसांत बाईला पाण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवसांत पाणी दुसऱ्याने वरून ओतावे तेव्हा मिळे.

त्या सुती घडीत स्वतःमध्ये काही दोष नव्हता. जुने, पुष्कळदा धुतलेले सूत नव्या सुतापेक्षा अधिक मऊ असते व चटकन शोषते. दोष होता तो वाळविण्यात. घड्या मागील दारी धुऊन, पुरुषांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून दुसऱ्या कपड्याखाली, गोवऱ्यांच्या मागे किंवा न्हाणीघराच्या अंधाऱ्या दोरीवर वाळत घालीत. आषाढ-श्रावणात तापीकाठच्या या दमट हवेत त्या चार-चार दिवस ओलसर राहत आणि तशाच पुन्हा वापरात येत. खाज, पुरळ, अंगावर जाणे या तक्रारी घरोघरी असत. त्यांचे मूळ कापडात नसून त्याला ऊन मिळू न देण्यात होते. कापडाची घडी वापरणाऱ्या आजच्या मुलींसही आमचे पहिले सांगणे हेच. साबणाने धुवा आणि भर उन्हात, उघड्यावर, पूर्ण कोरडी करा.

पहिल्या वेळी मात्र हीच गोष्ट वाजतगाजत साजरी होई. मुलीला न्हाण आले, की मखरात बसवीत, ओटी भरीत, आणि लग्न आधीच झालेले असल्याने गर्भाधानाचा विधी ठरवीत. याच विधीवरून १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. ते वय दहावरून बारावर नेण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे, न्हाण बाराव्या वर्षाआधी आल्यास गर्भाधान लांबविणे अधर्म होईल. एका मुलीच्या शरीरातील घडामोडीवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने लिहिले गेले. ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना त्यात बोलता आले.

बोललेल्या त्या थोड्यांतील एक बाई पुढे आपल्या सुरतेत आल्या, याची आठवण नव्या पिढीस असावी. रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी त्यांचे लग्न लागले, आणि काही महिन्यांतच त्यांना न्हाण आले. रूढीप्रमाणे गर्भाधान व्हावयाचे. परंतु त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन स्वतः नामांकित वैद्य होते, त्यांनी इतक्या लहान वयात ते होऊ दिले नाही. पुढे रखमाबाईंनी सासरी जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदावयास जा, नाही तर सहा महिन्यांची कैद भोगा, असा हुकूम केला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली, १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वैद्यकीचे शिक्षण पुरे करून परतल्यावर १८९५ मध्ये येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सुरतेत काम केले. त्यानंतर त्या राजकोटला गेल्या. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

रखमाबाईंचे खटल्यातील धैर्य सर्वज्ञात आहे. आम्हांस त्यांच्या सुरतेतील दोन दशकांचे मोल त्याहून कमी वाटत नाही. पुरुष डॉक्टरापुढे नाडीसाठी मनगटही पडद्याआडून देणाऱ्या बायका स्त्रीडॉक्टरापुढे पाळीची तक्रार शब्दांत सांगू शकतात, आणि तक्रार शब्दांत आल्यावाचून उपचार होत नाही. 'कावळा शिवला' या भाषेत कोणते औषध द्यावयाचे?

त्याच सुमारास दुसरा एक बदल घडत होता, तो शाळेचा. बडोदे संस्थानात १९०४ मध्ये बालविवाहप्रतिबंधक कायदा झाला आणि १९०६ मध्ये मुलींसह सर्वांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. नवसारी प्रांत त्यातच येई. सुरतेत १९०७ साली वनिता विश्रामाची स्थापना झाली. लग्नाचे वय वाढू लागले, आणि न्हाण आलेली मुलगी मखराऐवजी वर्गात बसू लागली. कोपऱ्यात बसणाऱ्या बाईची घडी सरकली तरी चालत असे. बाकावर पाच तास बसून, मग पायी घरी येणाऱ्या मुलीला ती जागच्या जागी राहणे आवश्यक झाले. साधनांच्या इतिहासात ही गरज कळीची आहे. कंबरेची नाडी, मग पट्टा, मग पट्ट्याला अडकविलेली गादी ही सर्व तिच्यामागून आली.

पाश्चात्त्य देशांतही हे सारे सहज झालेले नाही. अमेरिकेत १८९६ च्या सुमारास विक्रीस आलेले तयार टॉवेल खपेनात, कारण दुकानात जाऊन ते मागण्याची बायकांना लाज वाटे. पहिल्या महायुद्धात जखमांसाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला शोषक कापूस फ्रान्समधील परिचारिकांनी या कामी वापरून पाहिला, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या मालातून १९२० मध्ये कोटेक्सचा धंदा उभा राहिला. तेथेही लाजेचा प्रश्न होताच. म्हणून दुकानाच्या फळीवर पाकिटे आणि शेजारी पैसे टाकण्याची पेटी ठेवीत. शब्द न बोलता घ्यावे आणि जावे. आपल्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून पुडके देणारा दुकानदार हा त्या पेटीचाच भाऊबंद म्हटला पाहिजे.

आता मुद्द्याचे बोलू. आपल्या घरांतील जुनेर संपले ते पॅड आले म्हणून नव्हे, असे आमचे मत आहे. ते संपले सुरतेमुळे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत या शहरात यंत्रमागांवर आर्ट सिल्क, मग नायलॉन, मग पॉलिएस्टर विणले जाऊ लागले. नऊवारी जाऊन पाचवारी आली, आणि पाचवारी सुती न राहता कृत्रिम धाग्याची झाली. धुवायला सोपी, इस्त्रीची गरज नाही, रंग पक्का. आमच्या आईच्या पिढीने तिचे मनापासून स्वागत केले. परंतु नायलॉनच्या साडीचे जुनेर होत नाही. ती विरत नाही, मऊ पडत नाही, आणि पाणी तर शोषतच नाही. सूत नुसत्या हवेतून आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. फडताळाच्या तळचे गाठोडे अशा रीतीने दहा-पंधरा वर्षांत रिकामे झाले. आम्ही शाळेत असताना, म्हणजे १९७० नंतरच्या वर्षांत, घरातील पंचे, जुन्या चादरी, वडिलांची विरलेली धोतरे यांवर कसेबसे भागे. कापसाच्या गुंडाळ्या जाळीच्या कापडात घालूनही वापरल्या जात. साऱ्या देशाला साड्या पुरविणाऱ्या शहरात हातभर जुने सूत मिळणे मुश्कील झाले होते.

तयार पॅड पेठेत होते, परंतु ते डॉक्टरांच्या व बड्या अधिकाऱ्यांच्या घरांपुरते. १९८० साली भारतीय मानकसंस्थेचे पॅडविषयीचे मानक निघाले. तीस मिलिलिटर द्रव ओतल्यावर तो खालून वा बाजूने पाझरता कामा नये, ही त्यातील कसोटी. साधारण पाळीत सर्व दिवस मिळून तीस ते चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे रक्त जाते, हे लक्षात घेता कसोटी पुरेशी सैल नव्हती. चिकटपट्टीचे, पट्टा न लागणारे पॅड ऐंशीच्या दशकात दिसू लागले, आणि १९९० नंतर दूरचित्रवाणीवरील निळ्या पाण्याच्या जाहिरातींनी ते मध्यमवर्गात रूढ केले.

आम्ही राज्यसरकारच्या सेवेत रुजू झालो त्या काळी एका तालुका कचेरीत स्त्रियांसाठी वेगळी मोरीच नव्हती. सकाळी दहाला गेलेली कर्मचारी सायंकाळी सहाला घरी येईपर्यंत एकच घडी. अशा ठिकाणी कोणते साधन उत्तम हा प्रश्न फोल आहे. तेथे साधनाआधी दाराला कडी हवी. पुढे २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा मदतसाहित्याची एक यादी आमच्या पाहण्यात आली. तांदूळ, तेल, मेणबत्त्या, काडेपेट्या, ब्लँकेटे, सारे होते. हे एक नव्हते. एका कनिष्ठ लिपिक बाईंनी पेन्सिलीने तळाशी 'मांजरपाट, अर्धा-अर्धा मीटर' असे लिहिले. यादी टंकून परत आली तेव्हा ती ओळ गळालेली होती.

साधनांची तुलना करावयाची तर ती या पार्श्वभूमीवर करावी. पॅड सर्वांत सोपे. शिकावे लागत नाही, पाणी लागत नाही. आतील लगद्यात शोषक भुकटी असते, ती ओलावा धरून त्याची जेली करते, त्यामुळे वरून कोरडे वाटते. परंतु हे कोरडेपण फसवे असते. भरले नसले तरी चार ते सहा तासांनी ते बदलावे. वरचा थर बहुधा कृत्रिम असतो. ज्यांना त्याने चट्टे उठतात, त्यांनी सुती आवरणाचे घ्यावे, आणि सुवासिक तर घेऊच नये. वर्षाला बारा-तेरा पाळ्या, दर पाळीस पंधरा नग आणि सुमारे सदतीस वर्षे, असा हिशेब केला तर एका बाईच्या आयुष्यात सात हजारांच्या आसपास पॅड होतात. १९९४ च्या प्लेगनंतर कात टाकून २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरबरोबर देशात पहिले आलेले आपले शहर या सात हजारांचे काय करते? कागदात गुंडाळून वेगळे द्यावे, हा नियम २०१६ च्या घनकचरा नियमांत आला; शौचालयात ओढून दिल्यास गटार तुंबते आणि ते हाताने काढणारा कोणी तरी असतो.

टॅम्पॉन आपल्याकडे फारसा रुळला नाही. पोहणाऱ्या, खेळणाऱ्या मुलींना तो सोयीचा असतो. १९८० मध्ये अमेरिकेत फार शोषक अशा टॅम्पॉनमुळे विषबाधेचा एक गंभीर आजार पसरला व एक छाप बाजारातून काढून घ्यावी लागली; तेव्हापासून शक्य तितका कमी शोषक घ्यावा व आठ तासांपेक्षा अधिक ठेवू नये, हा दंडक आहे.

मासिक पाळीच्या कपाचा शोध नवा नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईंनी १९३७ मध्ये रबरी कपाचे पेटंट घेतले. आताचे कप वैद्यकीय सिलिकोनचे असतात, त्यांत वीस-तीस मिलिलिटर मावते, आणि आठ ते बारा तास ते ठेवता येतात. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात कप सुरक्षित व उपयुक्त ठरला. केरळात आलप्पुळा येथे २०१९ मध्ये त्यांचे मोफत वाटप झाले. काही शे रुपयांत घेतलेला कप नीट जपल्यास दहा वर्षेही टिकतो. पण पहिल्या दोन-तीन पाळ्या तो जमत नाही, त्याने घाबरून सोडू नये. हात धुवावेत, पाळी संपल्यावर उकळावा. त्यासाठी एक पातेले वेगळे ठेवले, की सोवळ्याओवळ्याचा वादही उरत नाही. कौमार्याची भीती निराधार आहे, ती आजीने स्वतः नातीच्या मनातून काढावी. मात्र तांबी बसविलेली असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे, कारण कप ओढताना ती सरकू शकते.

परंतु हेच साधन बार्डोलीच्या साखर कारखान्यांसाठी उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणाऱ्या बाईला सांगून पाहा. नंदुरबार, धुळे, डांग या भागांतून दर हंगामात येणारी ती आपली भाषाभगिनी. पालाचे घर, पाणी डोक्यावरून, उकळायला सरपण नाही, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर उचलीतून पैसे कापणार. बीड जिल्ह्यात हेच ओझे कोठवर गेले, ते २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आले. तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीच नको म्हणून अवयव काढून टाकणे, हीसुद्धा एक निवड म्हणावी काय? अशा बाईला आज परवडणारे म्हणजे स्वस्त पॅड. जनऔषधी केंद्रांतील 'सुविधा' पॅड २०१८ मध्ये अडीच रुपयांना आले आणि २०१९ च्या ऑगस्टपासून एक रुपयाला मिळू लागले. पॅडवरील बारा टक्के वस्तू व सेवा कर २०१८ च्या जुलैत उठला. कुंकू आणि बांगड्या करमुक्त व पॅड करपात्र, ही विसंगती दूर होण्यास एक वर्ष लागले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींत आरोग्यदायी साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ७७ झाले. या पाहणीत साध्या कापडाची गणना आरोग्यदायी साधनांत होत नाही. आम्हांस हे तितकेसे पटत नाही. उन्हात वाळविलेली सुती घडी आणि दिवसभर न बदललेले पॅड यांत आरोग्यदायी कोणते, हे पाहणीच्या तक्त्यात मावणारे नाही. २०२१ मध्ये पुन्हा वापरता येणाऱ्या कापडी पॅडचेही भारतीय मानक निघाले, हे योग्यच झाले. शिवलेल्या, बटण लावलेल्या अशा घड्या आता दुकानांत मिळतात. घरी पाणी आणि गच्चीवर ऊन असेल, तर कोवळ्या त्वचेच्या मुलींना त्या चांगल्या मानवतात.

एकच साधन जन्मभर धरण्याचेही कारण नाही. पहिल्या दोन दिवसांस एक आणि शेवटच्या दिवसांस दुसरे, घरी कापड, कचेरीत पॅड, प्रवासात कप, असे मिश्रण आमच्या सुनेने बसविले आहे व ते हिशेबातही स्वस्त पडते. मात्र कोणतेही साधन दोन तासांच्या आत भरू लागले, मोठ्या गाठी पडू लागल्या, किंवा पाळी आठवड्याहून अधिक लांबू लागली, तर दोष साधनात शोधू नये. रक्तातील लोह तपासून घ्यावे आणि डॉक्टरांकडे जावे. आणि हे आमच्या वयाच्या वाचकभगिनींसाठी : पाळी कायमची थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हा थोडेसे जरी रक्त दिसले, तरी जुनी घडी शोधून गप्प बसू नये. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि ते सांगताना आडवळणाचा शब्द वापरू नये.